खंड्याची चोच

या वेळी चोच गेली होती.

खंड्या मखमलीच्या तुकड्यावर बोळका होऊन पडला होता आणि मीनाकार त्याच्याकडे अपराधी चेहऱ्याने पाहत होता. चांदीवर मीना चढवलेला, खंड्या पक्ष्याच्या आकाराचा तो शंभर वर्षांचा ब्रोच. त्याच्या भाचीने पुढच्या दुकानातून तो भूगोलाच्या बाईंना विकला, त्याला वर्ष झालं. वर्षभरात पंखातली सातही निळी पिसं एकामागून एक उडाली आणि मागच्या खोलीत बसून सातही त्याने पुन्हा भरली. काचेची पूड ओली करून खाचेत बसवायची, भट्टीत वितळवायची, बाहेर काढून पाव तास निवू द्यायची. चाळीस वर्षं तो हेच करत होता. आजीच्या काळातल्या कुड्या, परवा घडवलेली पदकं, सगळं त्याच्या हाताखालून गेलं होतं. कुणाचंच काम कधी उलट आलं नव्हतं. येत होता तो फक्त खंड्या.

काल त्याने ठरवून टाकलं. आपला हात गेला. बाईंना मोठ्या शहरातल्या कारखान्याचा पत्ता द्यायचा आणि भट्टी कायमची विझवायची. पत्ता त्याने एका जाड कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता. ‘बाई, मला क्षमा करा, हे काम आता माझ्याच्याने होणार नाही,’ हे वाक्य तो सकाळपासून चिमट्यांना आणि कानशींना म्हणून दाखवत होता. त्यानंतर बाई पुन्हा येणार नाहीत, हे वाक्य मात्र त्याने एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं.

“मामा, त्या आल्यात,” भाची पडद्यातून डोकावली. “आणि तू शर्टाचं बटण एक घर चुकवलंयस.”

बाई आत आल्या. स्टूल नेहमीसारखं डुगडुगलं म्हणून उभ्याच राहिल्या. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

“फारच झालंय का हो?”

“बाई, मला...” एवढं म्हणून तो अडला. निदान आपलं पाप एकदा नीट पाहून घ्यावं, म्हणून त्याने भिंग डोळ्याला लावलं. आजवर हे धाडस त्याने केलंच नव्हतं. खंड्या आला की लाजेने मान खाली घालून आधी उरलासुरला रंग खरवडून टाकायचा, ही त्याची रीत. तुटलेली जागा भिंगातून तो आज पहिल्यांदाच बघत होता.

चोचीच्या उघड्या पडलेल्या चांदीवर, वरच्या बाजूला बारीक दातांची एक ओळ उमटली होती. खालच्या बाजूला, बरोबर तिच्यासमोर, दुसरी.

“तुमच्याकडे कुत्रं आहे का?”

“नाही.”

“मांजर?”

“छे हो, मला शिंका येतात.”

“मग याला चावलं कोण?”

बाई गडबडल्या. पर्स हातातून निसटली आणि फरशीवर उपडी झाली. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या, छोटासा घडीचा नकाशा आणि सगळ्यात शेवटी खणखणत आला तो अक्रोड फोडायचा चिमटा. मीनाकाराने तो उचलला. चिमट्याच्या दातांत नारिंगी रंगाचा एक कण चमकत होता. थोडं आत निळाही होता. बराच होता.

पडद्यापलीकडे भाचीची हालचाल थांबली होती.

“म्हणजे माझा मीना...” तो हळूच म्हणाला.

“दगड आहे अगदी!” बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “चौथ्या पिसाच्या वेळी तर मनगट मुरगळलं माझं.”

मीनाकाराच्या पोटातून काहीतरी उसळत वर आलं. आधी त्याला ती उचकी वाटली. मग तो हसायलाच लागला. हसता हसता टेबलाला धरून उभा राहिला, भिंग डोळ्यावरून निसटून गळ्यातल्या दोरीला लटकलं, तरी थांबेना. हात शाबूत होता! दोन्ही हात शाबूत होते! आत्ता कुणी अख्खा मोर आणून दिला असता, तर तोही त्याने उभ्या उभ्या रंगवला असता. मग बाई असं का करत असाव्यात, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला आणि हसू जागच्या जागी थांबलं. भट्टीपाशी न जाताच त्याचे कान तापले.

“अहो, पण नुसतं यायचं,” तो पुटपुटला.

“येऊन काय सांगायचं? पक्षी ठणठणीत आहे म्हणून?”

“मामा, चहा टाकू?” पडद्याआडून आवाज आला.

“तू गिऱ्हाईक बघ!”

“गिऱ्हाईक आतच आहे की!”

त्याने खंड्या उचलला. चोचीसाठी नारिंगी पुडीची बाटली काढली आणि वर्षभर जे म्हणत आला तेच सवयीने तोंडातून गेलं, “आठ दिवसांनी या. मध्ये एकदा रंग पसंत करायला चक्कर टाका. काय आहे, मीना मुरायला वेळ लागतो.”

बाईंनी टेबलावरचं जाड कार्ड उचललं. त्यावरचा पत्ता न वाचताच त्याच्या चार घड्या घातल्या आणि ते स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. डुगडुगणं थांबलं. मग त्या ऐसपैस बसल्या.

“माझ्या वडिलांची भट्टी होती,” त्या म्हणाल्या. “मीना पाव तासात निवतो. पहिलं पीस दाराला आपटून खरंच उडालं होतं हो. तुम्ही आठ दिवस म्हणालात, म्हणून तर दुसरं फोडलं.”