यान घरी पोहोचतं का

“फितूर आहे तो डॉक्टर,” बायको उशीवरूनच म्हणाली. “माझं नाव बदलेन, नाहीतर.”

“छट्! डॉक्टर कसला? तो यंत्रमानव आहे फितूर,” तो म्हणाला. “लागली पैज?”

“लागली.”

छतावर यान तरंगत होतं. चित्र भिंतीवर पाडलं की तिला मान वळवावी लागायची, म्हणून त्याने प्रोजेक्टर उताणा करून थेट छतावर रोखला होता. पलंगाशेजारचा नवा दिवा चित्राप्रमाणे आपला रंग बदलायचा. यान ताऱ्यांच्या धुक्यात शिरलं की सगळी खोली निळी व्हायची. टेबलावरच्या औषधाच्या बाटल्यासुद्धा परग्रहावरून आल्यासारख्या दिसायच्या. मग ती दोघं पलंगावर आहेत की पाण्यावर, हेच कळायचं नाही.

त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. टीव्ही म्हणजे त्याच्या लेखी बातम्या. हे वेड नवं होतं, आणि लावलं होतं तिनेच. दवाखान्यातला लांबलेला मुक्काम संपवून ती घरी आली आणि म्हणाली, “अहो, ती यानाची मालिका लावा ना. चांगली आहे म्हणतात.” पहिला भाग संपला तेव्हा त्याच्या हातातल्या चहावर साय धरली होती.

मग काय विचारता! आधी प्रोजेक्टर आला, मग दिवा, मग यानाची घरघर जमिनीतून आल्यासारखी ऐकवणारा स्पीकर. लेक म्हणाली, “बाबा, घराचं विमानतळ केलंत.”

“वेडा आहे मी, कबूल,” तो म्हणाला. “जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आरपार जाऊ दे. उतारवयात गोवर आला की जोरातच येतो.”

मालिकेतलं यान घराची वाट विसरलेलं होतं. दिसेल त्या ग्रहावर उतरायचं, हे आपलं घर नव्हे असं कळलं की पुन्हा निघायचं. ते घरी पोहोचतं का, एवढाच काय तो प्रश्न.

फितूर यंत्रमानवच निघाला. बायको पैज हरली. ती नेहमीच हरायची.

“तुमचं आयुष्य यंत्रांत गेलं, तुम्हाला त्यांचं मन कळतं,” ती म्हणायची, आणि तो मूठभर मांस चढल्यासारखा उशीला टेकायचा. अंगावर काटा येईल असा प्रसंग आला की ती त्याचा हात घट्ट धरायची. कधीकधी तर तो दचकायच्या आधीच.

“भित्री भागूबाई,” तो म्हणायचा.

“आहेच मुळी.”

भाग संपला की त्याचं टुमणं ठरलेलं. “अजून एक लावू?”

“रोज एकच.”

“अगं, तो कप्तान तिकडे लोंबकळतोय!”

“लोंबकळू दे. दमले मी.”

एकदा डॉक्टरांशी बोलून आल्यावर लेकीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. “बाबा, फार दिवस नाहीत आता,” एवढंच म्हणाली आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत बसली. त्याने मनातल्या मनात हिशोब मांडून पाहिला. मालिकेचे ढीगभर भाग उरले होते. रोज एक म्हटलं तर जमणं शक्यच नव्हतं.

त्या संध्याकाळी तो म्हणाला, “आज चार भाग बघू. नाहीतर असं कर, मी सरळ शेवटचाच लावतो. कळू दे तरी एकदाचं, पोहोचतात की नाही ते.”

ती छताकडे बघत राहिली. “आणि मग उद्याला काय उरेल?”

त्याला वाटलं, उद्याची ओढ आहे तोवर ती तगून राहील. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

पण ओढीने कुठे काय होतं? एका दुपारी, त्याचा हात हातात असतानाच ती गेली. यान तेव्हा बर्फाच्या एका ग्रहावर अडकून पडलं होतं.

त्यानंतर त्याने प्रोजेक्टर कपाटात टाकला. संध्याकाळ झाली की तो कोऱ्या छताकडे बघत पडून राहायचा.

“बाबा, पुढचं बघा ना,” लेक म्हणाली. “तेवढाच वेळ जाईल.”

“तिला घर दिसलं नाही. मी कुठल्या तोंडाने बघू?”

“तुमचा काय दोष त्यात?”

“मीच हट्ट धरायला हवा होता. तिचा जीव त्या प्रश्नात अडकला गं. एवढीशी गोष्ट, तीही मला देता आली नाही.”

 लेकीने कितीही समजावलं तरी गाडी तिथेच येऊन अडायची.

एका रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. दारात काठी टेकत एक जाडजूड बाई उभी होती. दवाखान्यात बायकोच्या शेजारच्या खाटेवर असलेली शाळेतली बाई. आता हिंडू-फिरू लागली होती, बातमी कळली म्हणून भेटायला आली होती. त्याने चहा केला. ती शाळेत शिकवल्यासारखी खणखणीत बोलायची, पण आज आवाज उतरला होता.

“फार हसवायची हो मला,” ती म्हणाली. “ती यानाची मालिका बघून झाली का तुमची?”

“अर्ध्यातच राहिली,” तो म्हणाला. “तेच खातं मला. बिचारीला शेवट कळलाच नाही.”

बाईने कप खाली ठेवला.

“कळला नाही? अहो, काय बोलताय? तिच्या मोबाइलवर, एक तार तिच्या कानात, एक माझ्या, अशी सगळीच्या सगळी बघितली आम्ही. शेवटाला इतक्या रडलो की नर्स धावत आली.”

त्यानेही आपला कप खाली ठेवला.

“दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी तिला काय ते खरं सांगितलं, घरी जा म्हणाले. डोळ्यांत टिपूस नाही हो तिच्या. पिशवी भरता भरता मला म्हणते, ‘आता ह्यांच्याबरोबर पहिल्यापासून बघायला घेते. पण बाई, मला काहीच ठाऊक नाही असं सोंग जमेल ना मला?’”