मडमेचा केक

सोलापुरात मिशनच्या कामात म्हाताऱ्या झालेल्या मार्था मडम दर नाताळाला शेजारच्या मास्तरांकडे केक पाठवायच्या. केकात अंडं असतं म्हणून मास्तरांची बायको पद्मजा तो हसून ठेवून घ्यायची आणि गुपचूप म्हशीला चारायची.

१९३१ च्या नाताळात मडम स्वतःच केक घेऊन अंगणात आल्या. पद्मजेनं हात पुढे केला, तोच म्हैस मोठ्यानं रेकली, दावं तोडून धावत आली आणि तिनं सरळ मडमेच्या ताटलीत तोंड घातलं. पद्मजेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेड्यापाड्यांत हिंडून मराठी शिकलेल्या मडम मात्र म्हशीची पाठ थोपटत खदखदून हसल्या.



"खाऊ द्या की! औंदा अंडं न्हाय घातलं. गेल्या साली हिचं पोट लई बिघडलं हुतं."