मुठीतलं कापड

खडूचा चपटा तुकडा. व्यायामाचा स्पंजचा चेंडू. लग्नाची पत्रिका. मापांची चिठ्ठी: छाती चाळीस, कंबर चौतीस.

एवढं सगळं पिशवीत घेऊन अप्पा टेलर कापडाच्या दुकानाची पायरी चढले. अर्धांगवायूचा झटका येऊन सहा महिने झाले होते, तरी होणाऱ्या जावयाचा सूट आपणच शिवणार हा हट्ट सुटला नव्हता. लग्न ठरलेली लेक वृंदा मागून आली.

"मास्तर, हे बघा. एकदम नवीन माल." दुकानदाराने ठाण उलगडलं.

"नवीन तर तूही होतास एकदा," म्हणत अप्पांनी कापडाचा कोपरा उजव्या मुठीत गच्च आवळला. चाळीस वर्षांची त्यांची रीत होती. मूठ उघडल्यावर चुण्या आपोआप गेल्या तर कापड घ्यायचं, नाहीतर ठाण परत.

दुकानदार वाट बघत राहिला. मूठ उघडेना.

"माल चांगला आहे रे," अप्पा कसंनुसं हसले. "हात सोडायलाच तयार नाही."

वृंदाने त्यांचं एकेक बोट सोडवलं. कापड क्षणात सपाट झालं. बोटं मात्र हळूहळू पुन्हा आत वळली. अप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"पंधरा दिवसांत शिवतो," शेवटी ते म्हणाले. "काजं तेवढी तू कर."

"करते, अप्पा." ती दुकानदाराकडे वळली. "सव्वातीन मीटर कापा."

नवरदेवाचा रेडीमेड सूट मागच्या रविवारी वृंदानेच पसंत केला होता.