कॅलालूबरोबर भाकरी

दिगंबरच्या अस्थी वेंगुर्ल्याच्या समुद्रात सोडल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, मार्सियाने, सासूच्या परसातला हिरवा माठ खुडून आणला. कांदा, लसूण, मिरची घालून शिजवला. "आमच्या जमैकात याला कॅलालू म्हणतात," ती नवऱ्याकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत म्हणाली.

इंदुमतीबाई दारातच उभ्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी बोटीवर नोकरीला असताना दिगंबरने हे लग्न केलं, तेव्हा त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "तिला घेऊन माझ्या घरात पाऊल टाकू नकोस." त्यानंतर तो आलाच नाही. आता ती एकटी आली होती, त्याच्या अस्थी घेऊन.

"कशाबरोबर खाता ही?" त्यांनी विचारलं. सुनेशी त्या आपणहून पहिल्यांदाच बोलत होत्या.

"आम्ही खारवलेल्या माशाबरोबर, उकडलेल्या केळ्यांबरोबर खातो. पण दिगू दर रविवारी तांदळाची भाकरी मागायचा. मला येत नाही."

"त्याला यायची की. शिकवली नाही तुला?"

"तो म्हणायचा, आई बोलावेल एक दिवस. तीच शिकवेल."

इंदुमतीबाईंनी आधण ठेवलं. उकड मळून झाल्यावर मार्सियाचे हात आपल्या हातांत धरून त्यांनी तिला भाकरी थापायला शिकवलं.

मग दोघी जेवायला बसल्या. दिगंबर लहानपणी याच घरात माठाची जी भाजी मागून मागून खायचा, तिचीच चव या भाजीला होती. इंदुमतीबाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी मार्सियाच्या ताटात वाढली.