वाट्याची बोलणी

मुकादम पुन्हा नवीवर ओरडत होते. नवी म्हणजे सरकारी बागेत नुकतीच रुजू झालेली माळीण. दोघंही गुलाबाच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. "छाटणी अशी करतात का गं? डोळ्याच्या वर, तिरकं काप," म्हणत मुकादमांनी तिच्या हातातली कात्री घेतली आणि स्वतः कापून दाखवू लागले.

पलीकडे मेंदीच्या कुंपणापाशी उभ्या काकांच्या पोटात दुखलं. बागेतले सगळ्यांत जुने माळी ते. मुकादम रोज त्यांच्या वाफ्यांवरून जायचे, "काका, तुमच्याकडे बघायलाच नको," म्हणायचे आणि खरंच बघायचे नाहीत. आधी काकांना त्याचा कोण अभिमान होता. नवी आली आणि नोकरी अळणी झाली. बायकोपाशी मन मोकळं केलं, तर ती म्हणाली, बोलणी मिळत नाहीत म्हणून रुसणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच बघतेय.

कुंपण कापायचं ते दोन खुंट्यांना दोरी ताणून, तिच्या रेषेत. सगळ्या बागेला हे काकांनीच शिकवलेलं. आज त्यांनी दोरी लावलीच नाही. डोळे मिटल्यासारखी कात्री चालवली. कुंपणाच्या मधोमध कुणी बसून उठल्यासारखा खळगा पडला. लाज वाटली, पण बरंही वाटलं.

फेरीवर आलेले मुकादम तिथे थबकले. काका सरसावून उभे राहिले.

"हे काय करून ठेवलंय?" मुकादमांचा आवाज चढला. पण ते काकांकडे वळलेच नाहीत. खाली पडलेला पाला पाटीत भरायला नवी नुकतीच येऊन बसली होती. "काय गं, दोरी लावायला काय होतं तुला?"

तिने तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. "मी कापलंय ते. दोरी न लावता."

मुकादम हसले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "मन मोठं आहे तुमचं. पण तिला पाठीशी घालू नका, काका. अशाने शिकायची कधी ती?"

"अहो, खरंच मी..."

पण मुकादम तोवर खळग्यापाशी वाकलेही होते. नवीला शेजारी उभी करून एकेक फांदी दाखवत होते, कुठली ठेवायची, कुठली काढायची, आणि मधूनमधून तिला झापत होते. काका तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने मुकादमांनी मान वर केली.

"काका, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."