उजव्या फोर्कची गळती

"दाब," इद्रुस म्हणाला. "जोर लावून दाब, नाहीतर स्प्रिंग टोपण उडवेल."

रोकियाने मोटारसायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीवरचं टोपण तळहाताने दाबून धरलं आणि इद्रुसने उजव्या हाताने पाना फिरवला. त्याचा डावा हात मांडीवर पडून होता. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तो तसाच असायचा. टोपणाचे आटे दोनदा चुकले, मग बसले. रोकियाने त्याच्याच जुन्या लुंगीला हात पुसले आणि म्हणाली, "दाब नाही. दाबतेस का, असं विचारायचं. मी तुमच्या रेल्वे वर्कशॉपातली हेल्पर नाही."

त्याने पाना खाली ठेवला. बोलणं त्या दोघांत तसंही फारसं उरलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर इद्रुस बोलून गेला होता, की घर माझं आहे, ही नुसती राहते इथे. पाहुण्यांना निरोप देऊन रोकियाने बॅग भरली आणि क्वाला कांगसारला भावाकडे निघून गेली. त्याला झटका आल्याचं कळलं तेव्हा ती ताइपिंगच्या या घरी परतली खरी, पण उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं, "हात बरा होईपर्यंत राहीन. त्यानंतर एक दिवसही नाही."

हाताचा व्यायाम घ्यायला इस्पितळातून कनगा यायची. तरुण पोरगी, स्वतः मोटारसायकलवरून फिरायची. तिने दाबायला दिलेला रबरी चेंडू इद्रुसने पहिल्याच आठवड्यात गटारात भिरकावला. लहान मुलांचे खेळ आपल्याला जमणार नाहीत, असं तो म्हणाला, आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

शेवटी वैतागून रोकिया म्हणाली होती, की पडवीत पडलेलं हे मोटारसायकलचं धूड तरी भंगारात देऊन टाका. ब्रेक मारला की नाक खुपसतं, खड्ड्यात गेलं की खाडकन वाजतं. त्यावर इद्रुस अंथरुणात उठून बसला. चाळीस वर्षांत इंजिनाने कधी दगा दिला नाही, फोर्कचं तेल तेवढं बदलायला हवं, असं त्याने ठणकावलं.

"मग बदला," ती म्हणाली होती.

म्हणून आज इंजिनाखाली लाकडी खोका सारून पुढचं चाक अधांतरी केलं होतं. तळाचा स्क्रू काढल्यावर काळंकुट्ट, कुबट तेल पातेल्यात पडलं. चाक वर-खाली करून उरलंसुरलं काढलं. नवं तेल दोन्ही नळ्यांत सारखंच जायला हवं होतं, म्हणून माप रोकियाने धरलं आणि नजर त्याने ठेवली. सगळं आटोपल्यावर तो हँडलवर रेलला. पुढची बाजू सावकाश खाली गेली आणि तितक्याच सावकाश वर आली. आजारपणानंतर पहिल्यांदाच तो हसला.

काही दिवसांनी उजव्या फोर्कवर तेलाचा ओघळ दिसला. आतलं तेल अडवणारं रबरी सील गेलं असणार, इद्रुस म्हणाला. बाजारातून दोन्ही बाजूंची नवी सील आणून त्यांनी फोर्क पुन्हा उघडला. या वेळी माप धरायला त्याचा डावा हात आपसूक पुढे आला. बोटं थरथरत होती, तेल सांडलं. रोकियाने मान वळवून न पाहिल्यासारखं केलं.

महिनाभराने ओघळ परत. इद्रुसने तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "सीलच खराब निघालं असेल. उद्या उघडू. येशील का मदतीला?"

"विचारलंत म्हणून येते," रोकिया म्हणाली.

असं दर थोड्या दिवसांनी होऊ लागलं. पडवीत चहाचे दोन पेले आले. काम करता करता तो तिच्या भावाची चौकशी करू लागला. एकदा पाना शोधताना, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला की त्या दिवशी पाहुण्यांसमोर जे बोललो ते चुकलंच. रोकियाने पाना हातात दिला आणि चहा गार होतोय एवढंच म्हणाली. डावा हात मात्र अजून म्हणावा तसा चालत नाही, अशी त्याची तक्रार असायची. बोटांत जीवच नाही, म्हणायचा.

ईद होऊन गेल्यावर एका दुपारी इद्रुस केळ्याची भजी आणायला नाक्यावर गेला. व्यायाम आटोपून निघालेली कनगा हेल्मेट घालता घालता थांबली. फोर्कशी वाकली, ओघळ पुसून पाहिला, हँडलवर भार देऊन पुन्हा पाहिलं. मग रोकियाजवळ आली.

"मावशी, काकांना माझं नाव सांगू नका," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा हात ईदच्या आधीच बरा झालाय. माझ्यासमोर शर्टाची सगळी बटणं लावली त्यांनी. तुम्हाला कळलं तर तुम्ही निघून जाल, म्हणून माझ्या हातापाया पडले."

रोकिया दोरीवरचे कपडे काढत राहिली.

"आणि हे सील ठणठणीत आहे," कनगा म्हणाली. "आतून थेंबसुद्धा येत नाही, तेल बाहेरून फासलंय. तुम्हाला अडकवून ठेवायला म्हातारा काय काय उद्योग करतोय बघा."

"हाताचं मला ठाऊक आहे. मी अंघोळीला गेले की गुपचूप नारळ खवून ठेवतात, आणि विचारलं तर शेजारणीचं नाव सांगतात." रोकियाने नवऱ्याच्या शर्टाची घडी घातली. "पण तेलाचा आळ त्यांच्यावर घेऊ नकोस, पोरी. ते मी लावते."