किटलीवरची छत्री

पुलाच्या वळणावर छत्री पुन्हा उलटी झाली. जोतिबानं वाऱ्याला, सायकलीला आणि छत्री बसवायला लोखंडी क्लँप ठोकून देणाऱ्या लोहाराला एका दमात शिव्या घातल्या. मग सायकल मांडीला टेकवून एकेक काडी सरळ केली. तो स्वतः नखशिखांत भिजला होता. पण त्याचं कुणाला पडलंय! छत्री त्याच्या डोक्यावर नव्हतीच मुळी. ती मागं कॅरिअरला बांधलेल्या दुधाच्या किटलीवर होती.

शेताकडं निघालेला लालासाहेब थांबून बघत राहिला. "जोतिबा, नवरी घेऊन चाललायस व्हय रं गड्या?"

"हास लेका, हास. तुझं काय जातंय?" जोतिबा म्हणाला आणि पायडल मारलं.

हसण्यासारखंच होतं म्हणा. पण करणार काय? उन्हाळाभर पेठेतल्या दूध केंद्रात त्याच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. म्हैस एकच, पण दूध असं की बोट बुडवलं तर साय चिकटावी. पावसाळा लागला आणि कुठं माशी शिंकली कोण जाणे. केंद्राचे सेक्रेटरी नानासो दुधात डिग्री, म्हणजे दुधाचा घट्टपणा, मोजायची काचेची नळी सोडायचे, ती नको तितकी बुडायची, आणि दूध परत. "पाणी हाय," नानासो म्हणायचे. "पावसाचं हाय, झाकण गळतंय," जोतिबा म्हणायचा. मागं रांगेतली माणसं एकमेकांकडं बघून घसा खाकरायची.

त्या खाकरण्यानं त्याची झोप उडाली. जन्मात कधी दुधात थेंबभर पाणी घातलं नाही, आणि आता गावानं चोर म्हणायचं! त्यानं झाकणाला सायकलीच्या जुन्या ट्यूबचं कडं चढवलं. दूध परत. खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा कागद किटलीला गुंडाळला. तो वाऱ्यानं असा फडफडायचा की रस्त्यावरचे बैल बुजायचे. तरी दूध परतच. शेवटी नानासोंनी बजावलं, "आता एकदा जरी डिग्री खाली आली, तर तुझं नाव बंद." मग ही छत्री.

घरात आई, हरणाबाई, छत्रीवर खार खाऊन होती. "काढ ती थेरं," ती आज सकाळीही म्हणाली होती. "किटलीला छत्री बघितलीय का कुणी? पावसाला काय आपण बोलीवलाय?"

"आये, तू गप बस. चोर म्हणत्यात मला, चोर!"

बायको, सुलाबाई, चुलीपाशी कोरा चहा ओतत होती. सातवा महिना चालू होता तिला. दुधाचा चहा त्या घरातून कधीच गेला होता. थेंबन् थेंब केंद्राला घालायचा आणि परत आलेलं दूध पेठेतल्या हॉटेलात पडत्या भावानं विकायचं, हा जोतिबाचा कायदा होता.

केंद्रात पोचल्यावर त्यानं झाकण सगळ्यांदेखत उघडलं. झाकणाखाली त्यानं मुद्दाम एक पांढरं फडकं अंथरलं होतं. ते काढून त्यानं नानासोंच्या हातात दिलं. "बघा नानासो. हात लावून बघा. ठणठणीत कोरडं!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं. रांगेतली माणसंही पुढं सरकली.

नानासोंनी नळी सोडली. नळी बुडाली.

"छत्री तुझी झकास हाय, जोतिबा," नानासो हळूच म्हणाले. "पावसाचा थेंब आत गेला न्हाई. मग आता हे पाणी कुणाचं म्हणायचं?"

त्यांनी वहीतल्या जोतिबाच्या नावावर रेघ मारली. पाऊस होता तोवर निदान त्याच्यावर ढकलता तरी येत होतं. त्यानं झाकण लावलं आणि छत्री मिटून घराची वाट धरली. रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. दूध तो स्वतः काढायचा, पण गाळून किटलीत भरायची आई. तेवढ्या वेळात तो दारात त्या मेल्या सायकलीशी झटत असायचा.

अंगणात सायकल आदळून तो ओरडतच आत शिरला. "आये! पाणी कोण घालतंय दुधात?"

हरणाबाई सुपात जोंधळे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी घालते. तांब्याभर दूध काढून ठिवते, तेवढंच पाणी घालते."

"आगं, पण का? माझं नाव बंद केलं त्यांनी! गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई!"

"पोरगी पोटुशी हाय. कोऱ्या च्यावर काय पोसंल तिच्या पोटात?" आता तिनं वर बघितलं. "उन्हाळ्यात जमलं नसतं. पाऊस आला तवा म्हटलं, चला, आपली सोय झाली. तर तू लागलास झाकणं बांधायला."

"मला सांगायचं हुतंस की!"

"सांगून दिलं असतंस?"

खरं सांगायचं तर दिलं नसतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. संताप होता तसाच होता, पण तो काढायचा कुणावर हे कळेना.

आरडाओरडा ऐकून सुलाबाई परड्यातून लगबगीनं आत आली. तिनं घाबरून सासूकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"आवं, आत्याबाईंवर कशापायी वरडताय?" ती म्हणाली. "त्या तर रोज दूध हातात देताना तुमचंच नाव घेत्यात. जोतिबानं तुझ्यासाठी ठिवायला सांगितलंय म्हणत्यात."